मदत हवी आहे: उपनगरासाठी रुग्णालयाच्या खाटा किती धरायच्या?

३ लाख लोकवस्तीच्या उपनगरासाठी खाटांचा हिशोब मांडलाय. वर्षाला हजारी १०० रुग्ण दाखल, सरासरी मुक्काम ४ दिवस असं गृहीत धरलं, तर रोज साधारण ३२९ खाटा भरलेल्या. ८५ टक्के भरणा (म्हणजे एका वेळी सरासरी ८५ टक्केच खाटा भरलेल्या) धरून एकूण ३८७ खाटा लागतील. (१०० टक्के धरलं की पहिल्याच साथीत गाद्या कॉरिडॉरमध्ये येतात.)

गाडी अडलीय ती इथे: बरेच रहिवासी मुख्य शहरात दाखल होतात, त्यामुळे स्थानिक रजिस्टरवर मागणी कमीच दिसते. शहरातल्या डिस्चार्ज नोंदी घरच्या पत्त्यावरून कोणी वेगळ्या काढल्यात का? काहीजण नातेवाइकाचा पत्ता देतात, ते कसे गाळायचे?

आणि आयसीयू, प्रसूती? खाटा मोजक्या, रुग्ण अवेळी. तिथे ८५ जास्तच वाटतं. तुम्ही किती धरता?