नव्या ग्रुपात नवे असताना... तुमचे अनुभव

घोडबंदरकरीण
परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नव्या भाडेकरू बाईंना अ‍ॅड केलं. रात्री साडेअकराला त्यांचा पहिला मेसेज: "टँकर कधी येतो?" (घोडबंदर रोडला राहायला आलात की पहिला प्रश्न हाच.) मिनिटभरात चार उत्तरं. "वर बघा." "वर सांगितलंय." "ही काय वेळ आहे?" आणि एका काकांचे नुसते जोडलेले हात. वेळ कुणीच सांगितली नाही. त्या बिचारीला वरचे मेसेज दिसतच नव्हते, ती बघणार काय, कपाळ?

त्यावरून माझे ट्रान्स-हार्बर लोकलचे दिवस आठवले. वाशीला नवी नोकरी. ठाण्याला गाडी रिकामी लागते, मी सरळ खिडकीत बसले. एक काकू आल्या, बोलल्या काहीच नाहीत. पर्स माझ्या शेजारी ठेवली आणि स्वतः उभ्या. शेजारची जागा रिकामी असून ऐरोलीपर्यंत उभ्या! शेवटी रबाळ्याला एकीने कानात सांगितलं, "त्यांची जागा आहे गं ती. उद्यापासून समोर बस." आता पास माझाही होताच की. पण बसले समोर. आणि पुढे याच काकूंनी मला गाडीत हिरव्या बांगड्या भरल्या, डब्यात ओटभरण केलं, खोबऱ्याची वाटी अजून आठवते.

नियम असतात, फक्त कुणी सांगत नाही. तुम्ही नवे होतात तेव्हा काय झालं? लिहा.

नेरूळची_निवांत
रुमाल टाकून ठेवतेय. कुकर लागलाय.

पाचपाखाडीकर
ते सगळं ठीक, पण टँकर कधी येतो?

घोडबंदरकरीण
सकाळी सातला. मी त्यांना पर्सनलवर कळवलं लगेच.

जुना_मोडेम
मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. कुणी सांगत नाही कसं? १९९५ साली लिहून ठेवलेत की! आरएफसी १८५५ नावाचा, नेटवर कसं वागावं याचा दस्तऐवज, इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज बाईंनी तयार केलेला. मेलिंग लिस्ट असो की न्यूजग्रुप (तेव्हाचे नेटवरचे चर्चागट), काहीही लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. सगळी कॅपिटल अक्षरं म्हणजे ओरडणं, हेही त्यातच. आणि दोघांचं जुंपलं तर चारचौघांत नको, एकमेकांना मेल करून भांडा. आमच्या पार्किंगवाल्यांना याची प्रिंट काढून लिफ्टमध्ये लावणार आहे.

पाचपाखाडीकर
टँकरची वेळ विचारायला दोन महिने थांबायचं? तोवर आंघोळ?

कोपरीची_कोकिळा
देवनागरीत कॅपिटल कुठून आणणार! आमचे आजोबा उद्गारचिन्हांनी ओरडतात. "कचरा!!!!!!!!" एवढाच मेसेज. कुणाचा, कुठला, काही नाही. अख्खी बी विंग आपापल्या दाराबाहेर बघून येते.

सुनबाई_कळव्याच्या
सासरचा ग्रुप कुणी काढला नाही अजून?
लग्नानंतर पहिलाच मामंजींचा वाढदिवस. मी सकाळी सहाला केक, फुगे, फोटो सगळं टाकून मोकळी. ताबडतोब नणंदेचा फोन, "वहिनी, डिलीट कर, आत्या अजून उठली नाहीये." म्हणजे आत्याबाईंच्या आधी कुणी शुभेच्छा द्यायच्या नाहीत! बाकी सगळे टाईप करून बसलेले असतात. सव्वासातला आत्याबाईंचं "शतायुषी भव" पडलं की धडाधड पन्नास मेसेज. दीर म्हणतो फटाक्याची माळ पेटवल्यासारखं. डिलीट केलं नाही मी. आत्याबाईंनी त्यालाच अंगठा दिला आणि घरात अजून त्यावर चर्चा आहे.

घोडबंदरकरीण
आत्याबाईंना साष्टांग नमस्कार सांगा आमचा :)

खारघर_से_३५
शाळेचा पालक-ग्रुप. एक नवे बाबा आले आणि पहिल्याच दिवशी बाईंच्या सूचनेतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत टाकले. खोडसाळपणा नाही हो, खरंच चांगल्या मनाने. "सहल"च्या खाली "कृपया 'पाण्याची बाटलि' नको, 'बाटली' हवे." ग्रुपवर स्मशानशांतता. आता गंमत अशी की हल्ली प्रत्येक सूचना आधी त्यांच्याकडे तपासायला जाते. बिचारे ऑफिसात बसून स्नेहसंमेलनाची पत्रकं वाचतात.

विंग_सी_सेक्रेटरी
अ‍ॅडमिनच्या बाजूनेही कुणी बोलेल का? लोक येतात, नाव नाही, फ्लॅट नंबर नाही, डीपीला सूर्यास्त. हे कोण, मालक की भाडेकरू की दोन वर्षांपूर्वी घर विकून गेलेले? मी आता नवा माणूस आला की पाणी, कचरा, पार्किंग आणि वॉचमनचा नंबर असा एकच मेसेज त्याला वेगळा पाठवतो. "वर बघा" बंद झालं.
आणि "सर, अ‍ॅडमिनला पोलीस धरतात" म्हणून घाबरवणाऱ्यांसाठी: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच म्हटलंय की दुसऱ्या सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर तेवढ्यावरून अ‍ॅडमिन दोषी ठरत नाही, दोघांचा समान हेतू होता हे दिसायला हवं. पोलिसांचं सोडा, बायको धरते. "परत जेवताना ग्रुप?"

तिरकस_तलावपाळी
सगळे नव्यालाच का शिकवताय? "वर सांगितलंय" टाईप करायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात "सातला" लिहून होतं. जुन्यांना उत्तर द्यायचं नसतं, आपण जुने आहोत हे दाखवायचं असतं. खिडकीवाल्या काकूंचंही तेच, बांगड्या नंतरच्या.

घोडबंदरकरीण
काकूंना काही बोलायचं नाही हं! पण बाकी पटलं.

जुना_मोडेम
+१ तिरकस.

नेरूळची_निवांत
आले. वाचलं सगळं, माझा अनुभव साधारण सुनबाईंसारखाच, आत्याऐवजी काका. अवांतर: नेरूळ-बेलापूरकडे बोंबील ताजे कुठे मिळतात? उद्या पाहुणे आहेत.

खारघर_से_३५
दिवाळे कोळीवाडा. सकाळी लवकर जा.

विंग_सी_सेक्रेटरी
धागा कशावर आहे, चाललंय काय!

कोपरीची_कोकिळा
बोंबलांवर. काका तुम्ही नवीन का? :)

नेरूळची_निवांत
दिवाळेला साफ करून देतात का? की घरी येऊन मीच बसू?

सुनबाई_कळव्याच्या
पैसे दिले की देतात. फक्त दाबायला सांगू नका, घरी पाट्याखाली ठेवा, पाणी नीट निघतं. रव्यात घोळवणार की तांदळाच्या पिठात?