जुलैची सहल: कुरुमायामा, ११ की २५?

नमस्कार मंडळी,

जुलैच्या सहलीला कुरुमायामाला जायचं हे मागच्या मीटिंगमध्ये ठरलं, आता फक्त तारीख उरलीय. मीटिंगला नव्हते त्यांच्यासाठी सांगतो, जपानच्या नागानो प्रांतातलं किरिगामिने पठार, त्यातलं सगळ्यात उंच टोक म्हणजे कुरुमायामा, १९२५ मीटर. घाबरू नका, बस १८०० मीटरवरच्या कुरुमायामा-काता पार्किंगपर्यंत जाते, तिथून माथा पाऊण तासावर आणि रस्ता रुंद, खडीचा. पुढे चोचोमियामावरून याशिमागाहारा दलदलीपर्यंत उतरायचं, मुलांना घेऊन आरामात अडीच-तीन तास लागतील, आणि बस तिकडेच येऊन उभी राहील म्हणजे परत चढायला नको.

१८ ते २० जुलै उमि-नो-हीचा (समुद्र दिनाच्या सुट्टीचा) लाँग वीकेंड आहे, त्या दिवसांत चुओ एक्सप्रेसवेवर काय जॅम होतो ते सगळ्यांना माहितीय, तेव्हा ते बाद. उरले शनिवार ११ आणि शनिवार २५. माझं मत ११. रविवारपर्यंत कळवा, बसवाल्याला सोमवारी सांगायचंय.

— सहल समितीतर्फे, कावासाकीहून

---

दादा, ११ ला त्सुयु, म्हणजे इथला पावसाळा, संपलेला नसतो हो! कांतोतला, म्हणजे आपल्या टोकियोकडचा, त्सुयु सरासरी १९ जुलैच्या आसपास संपतो आणि नागानोचंही साधारण तसंच. एवढे पैसे भरून लोक येणार, लहान पोरं असणार आणि वर नुसतं धुकं, मग फुजी नाही न् यात्सुगाताकेची डोंगररांग नाही. २५ ला ऊन तरी पडेल. गेल्या पावसाळ्यात भारतात गेलो तेव्हा कासलाही हेच झालं, धुक्यात फुलं शोधत फिरत होतो. माझं मत २५.

— निशिकासाईहून

---

दादा आणि मंडळी,

२५ ला आषाढी एकादशी आहे, कुणी कॅलेंडर बघितलं का? माझा उपास असतो, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणींचा असतो. उपासाचं चालायला हरकत नाही, वारकरी चालतातच, पण संध्याकाळी घरी पूजा असते आणि आपण रात्री नऊला परत येणार. तुम्ही सगळे २५ म्हणालात तर मी साबुदाण्याची खिचडी डब्यात घेऊन येईन, अडून बसणार नाही.

दुसरं म्हणजे माझे गुडघे. चढ जमेल, उतार जमत नाही. माझ्यासारख्यांनी काय करायचं ते आधी सांगा, म्हणजे नाव द्यायचं की नाही ते ठरवता येईल.

— योकोहामाहून काकू

---

काकू, तुम्ही नाव द्याच. कुरुमायामा-कोगेनच्या पायथ्यापासून दोन लिफ्ट लागोपाठ आहेत, दुसरी अगदी माथ्याजवळ सोडते. बस आधी तिथे थांबेल, तुम्हाला उतरवेल आणि मग आम्हाला काताला सोडेल. वर देवळापाशी भेटू, छोटंसं देऊळ आहे, चारी कोपऱ्यांना ओनबाशिरा, म्हणजे झाडाच्या बुंध्यांचे उंच खांब, उभे केलेत सुवाच्या मोठ्या देवस्थानाच्या पद्धतीने, चुकायचं कारण नाही. एकत्र डबे खाऊ, मग तुम्ही लिफ्टनेच खाली या, बस तुम्हाला घेऊन याशिमाला येईल. सोबतीला समितीतलं कुणीतरी असेल.

आता तारखेचं. निशिकासाईकर, तुमचं पावसाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, पण आपण चाललोय फुलांसाठी, आणि तिथलं मुख्य फूल म्हणजे निक्को-किसुगे. पिवळं-केशरी, लिलीच्या जातीतलं. एक फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळी संपतं, दुसऱ्या दिवशी त्याच दांड्यावरची पुढची कळी. दांडा जवळून बघा, उमललेल्या फुलाशेजारी कालचं सुकलेलं लोंबत असतं आणि उद्याची कळी हिरवीची पिवळी व्हायला लागलेली असते. असे हजारो दांडे एकदम फुलतात म्हणून उतार पिवळा दिसतो, पण हे सगळं जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच आणि हल्ली बऱ्याचदा लवकरच आटपतं. २५ ला गेलो तर ऊन मिळेल आणि उतार हिरवा मिळेल. ऑगस्टमध्ये मात्सुमुशिसोउची जांभळी फुलं येतात, तीही सुंदर, पण ती वेगळी सहल. फुजी दुसऱ्या कुठल्या डोंगरावरूनही दिसेल, हा उतार नाही दिसणार.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. हे कुरण आपोआप टिकलेलं नाही. शेकडो वर्षं खालच्या गावचे लोक गुरांच्या चाऱ्यासाठी, शेताच्या खतासाठी इथलं गवत कापून न्यायचे, म्हणून झाडं वाढली नाहीत आणि फुलांना ऊन मिळालं. ते थांबल्यावर झुडपं चढायला लागली, आता माणसं मुद्दाम येऊन ती छाटतात. त्यात हरणांनी किसुगेच्या कळ्या खाऊन उतारच्या उतार रिकामे केले, म्हणून काताजवळ विजेचं कुंपण घातलंय. कुंपणाच्या आतला उतार आणि बाहेरचा उतार दोन्ही बघा, फरक डोळ्यांनी दिसतो. तेव्हा पोरांना सांगून ठेवा, तारेला हात नाही, आणि फोटोसाठी वाट सोडून गवतात बसायचं नाही, कितीही छान फ्रेम मिळत असली तरी. याशिमाला तर लाकडी फळ्यांवरूनच चालायचं, खाली आठेक मीटर जाडीचा पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, थर आहे, तो साचायला १२ हजार वर्षं लागलीत, आणि पायाने दबलेलं शेवाळ पुन्हा वर यायला फार वेळ घेतं.

— कावासाकीहून

---

पटलं दादा, ११ ला माझी तीन नावं लिहा. पण पाऊस आलाच तर?

— निशिकासाईहून

---

रिमझिम असेल तर जायचं, धुक्यात किसुगे जास्तच उठून दिसतो. वादळाचा, विजांचा अंदाज असेल तर रद्द, कारण वर आडोसा नाही, सगळा उघडा माळ. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत शेवटचा मेल टाकतो, त्यानंतर रद्द केलं तर बसचे पैसे जातील हे लक्षात घ्या.

रेनकोट वरखाली दोन्ही आणा, वाऱ्यात छत्रीचा उपयोग नाही. वर टोकियोपेक्षा दहा-अकरा डिग्री कमी असतं, दमट उकाड्यातून निघताना विश्वास बसत नाही पण पोरांना फुल बाह्यांचं काहीतरी घ्याच. टॉयलेट काताला आणि याशिमाला, मध्ये कुठे भरवसा धरू नका. कचरा ज्याचा त्याने घरी न्यायचा. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, थेपले असं कोरडं काहीतरी, रस्सा नको. काकू, एकादशी नसली तरी खिचडी आणलीत तर कुणी नको म्हणणार नाही!

येताना कोबोतोके बोगद्याजवळ जॅम लागणारच, म्हणून याशिमाहून साडेतीनला बस हलेल. सुवाको सर्विस एरियाला वीस मिनिटं थांबू. तिथे ओन्सेनही (गरम पाण्याचं स्नानगृह) आहे पण त्यात शिरलात तर बस थांबणार नाही.

निघायचं सकाळी साडेसहाला टोकियोच्या शिंजुकू स्टेशनच्या पश्चिम बाजूने, नेमकी जागा बसवाल्याने कळवली की टाकतो. आतापर्यंत ११ ला २३ नावं आलीत, बसमध्ये ४५ जागा आहेत.

— कावासाकीहून