दहा देवळांच्या जपानी गाण्यात आजारी नामिको कुठून आली?

माडाची_सावली:
नमस्कार मंडळी. आम्ही नागोयात राहतो, लेक पहिलीत आहे. शेजारच्या आजी तिला ओतेदामा शिकवतात. कापडाच्या इवल्या पिशव्या, आत अझुकी या लाल कडधान्याचे दाणे. उडवायच्या आणि झेलायच्या, आपल्या सागरगोट्यांसारखं. सोबत गाणं: ‘इचिबान हाजिमे वा इचिनोमिया, नि वा निक्को तोशोगू...’ दहा आकडे, दहा देवस्थानं. इथवर छान आहे. पण दहानंतर गाणं थांबतच नाही. नामिको नावाच्या कुणाचं तरी दुखणं बरं होत नाही, आगगाडी धडधडत येते, शेवटी रक्त ओकणारा पक्षी! लेकीनं विचारलं, “आई, नामिको मेली का?” काय सांगू? आणि हा भाग तिला शिकू द्यावा का? आणखी एक, यातलं इचिनोमिया म्हणजे आमच्या शेजारचं इचिनोमिया शहर का?

कण्हेर:
ताई, पूर्ण गाणं शिकू द्या. शेवट कापू नका, कळकळीनं सांगते. मी पुण्यात जपानी शिकवते आणि ही मोजणीची गाणी, जपानीत काझोएउता, माझ्या फार जिव्हाळ्याची आहेत.

आधी इचिनोमियाचं. जुन्या जपानात प्रत्येक प्रांतातल्या पहिल्या मानाच्या देवस्थानाला इचिनोमिया म्हणत. तुमच्या ओवारी प्रांताचं ते मासुमिदा देवस्थान, आणि त्यावरूनच शहराला नाव पडलं. त्यामुळे तुमच्याकडच्या मुलींना ते आपलंच वाटणार, आणि दुसऱ्या प्रांतातल्या मुलींना त्यांचं.

गाणं रचायची रीत अशी: आकड्याचा जो आवाज, त्याच आवाजाचं ठिकाण शोधायचं. ‘नि’ला निक्को, जिथे पहिला तोकुगावा शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी राज्यकर्ता, इएयासु याचं देवस्थान आहे. ‘सान’ला साकुराचा सोगोरो. हा देव नव्हे, गावचा मुखिया. जाचक करांविरुद्ध त्यानं थेट शोगुनकडे अर्ज केला आणि त्यापायी जीव गमावला अशी कथा आहे. ‘शि’ला शिनानोचं झेन्कोजी. इथवरचे आकडे चिनी वळणाचे, पाचपासून गाणं अस्सल जपानी आकड्यांवर येतं: इत्सुत्सुला इझुमो, नानात्सुला नारिताचे फुदोसामा, यात्त्सुला यावाताचा हाचिमान, कोकोनोत्सुला कोया डोंगरावरचे कोबोसामा, म्हणजे नवव्या शतकातले बौद्ध भिक्षू कूकाई. सहावर मात्र एकही नामांकित क्षेत्र नाही. ‘मुत्त्सु मुरामुरा चिन्जुसामा’, म्हणजे गावोगावचं ग्रामदैवत. मला ही ओळ सगळ्यात आवडते. ज्या पोरीनं आपली शीवही ओलांडली नाही, तिचाही देव निक्को आणि इझुमोच्या पंगतीला बसतो.

दहावं ठिकाण गावागणिक बदलतं. जुन्या पाठात ‘तोक्यो शोकोन्शा’ येतं, म्हणजे लढाईत पडलेल्यांचं देवस्थान. ते 1869 साली स्थापन झालं आणि 1879 पासून त्याचं नाव यासुकुनी आहे. कुठे त्या जागी होंगानजी हे बौद्ध मंदिर म्हणतात.

आता नामिको. ती तोकुतोमी रोका यांच्या ‘होतोतोगिसु’ कादंबरीची नायिका. कादंबरी 1898-99 मध्ये वर्तमानपत्रातून क्रमशः आली आणि घराघरांत पोचली. नामिकोला क्षय होतो. नवरा ताकेओ नौदलात, बाहेर असतो, आणि तेवढ्यात सासू तिला माहेरी धाडून लग्न मोडून टाकते. पुढे क्योतोजवळ यामाशिनाच्या स्टेशनात दोन गाड्या समोरासमोरून जातात, खिडकीतून दोघं एकमेकांना दिसतात, तेवढंच. गाण्यातली ‘गो गो’ करणारी गाडी तीच. पक्ष्याचंही तसंच. होतोतोगिसु हा कोकिळेच्या कुळातला, रक्त ओकेपर्यंत गातो असा समज, म्हणून क्षयाशी त्याचं नाव जोडलेलं. कवी मासाओका शिकींनी खोकल्यातून रक्त पडल्यावर हेच टोपणनाव घेतलं, ‘शिकी’ हे याच पक्ष्याचं दुसरं नाव.

म्हणजे देवळांची यादी आणि कादंबरीची गोष्ट मुलींनी एकत्र गुंफली. सांधा कुठे आहे पाहा: ‘कोरे होदो शिन्गान काकेता नो नि’, एवढे नवस बोलूनही. ही ओळ आली की वरची दहा देवस्थानं नुसती मोजणी राहत नाहीत, ते दहा नवस होतात, आणि एकही फळत नाही. क्षयावर औषध आलं ते 1940च्या दशकात. त्याआधी हे गाणं म्हणणाऱ्या कितीतरी मुलींनी असं दुखणं घरात किंवा गल्लीत पाहिलेलं असणार. तुमच्या लेकीला सरळ सांगा: हो, नामिको गेली. तिच्यासाठी सगळ्या देवांना साकडं घातलं होतं, तरी गेली. सहा वर्षांच्या मुलीला हे पेलतं, विचारू शकते म्हणजे ऐकूही शकते.

तोसाचा_वारा:
कण्हेरताई, सुंदर लिहिलंत. मी इतिहासाचा विद्यार्थी, म्हणून एक भर घालतो. याच साच्यात राजकारणही शिरलं होतं. तोसाचे, म्हणजे आजच्या कोचीचे, उएकी एमोरी यांनी नागरी हक्कांच्या चळवळीसाठी मोजणीचं गाणं रचलं. पहिलीच ओळ, ‘हितोत्सु तोसे, हितो नो उए नि वा हितो झो नाकी’: माणसाच्या वर कुणी माणूस नाही. दुसऱ्या कडव्यात, जीव दोनदा मिळत नाही, पण स्वातंत्र्यासाठी तो देऊन टाकायलाही तयार. अक्षरओळख नसलेल्यांनाही वीस कडवी पाठ होत. एमोरी 1890 च्या पहिल्या संसदेत निवडून गेले आणि 1892 मध्ये पस्तिशीतच वारले. उलट बाजूनं सरकारी शाळाही मागे नव्हती. 1887 च्या बालवाडीच्या गीतसंग्रहात मोजणीचं गाणं आहे, त्यात आईवडिलांचे उपकार विसरू नका असा उपदेश.

दोन_पिल्लांची_आई:
माझी मुलं लहान, त्यामुळे आमच्याकडे भाजीचं गाणं चालतं! इचिजिकु, निन्जिन, सान्शो, शिइताके, गोबो, मुकागो, नानाकुसा, हाकुसाइ, क्युउरि, तोगान. अंजीर आणि गाजरापासून काकडी, कोहळ्यापर्यंत. इथे गरम पाण्याच्या टबातून बाहेर यायच्या आधी मुलांना दहा मोजायला लावतात, तेव्हा हे बरोबर पुरतं. बागेत खेळताना ज्याच्यावर राज्य तो तोंड फिरवून ‘दारुमासान गा कोरोन्दा’, म्हणजे दारुमा कोलमडला, असं म्हणतो. बोटांवर मोजा, बरोबर दहा ठोके. आकडे न म्हणता दहा मोजून होतात! दारुमा म्हणजे बोधिधर्म, भारतातून चीनला गेलेले भिक्षू अशी परंपरा. ओसाकाकडे त्याऐवजी ‘बोन्सान गा हे ओ कोइता’, म्हणजे भिक्षू पादले. तेही दहाच, आणि मुलांना ते कितीतरी जास्त आवडतं.

माडाची_सावली:
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला सांगितलं. थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, “सासू वाईट होती.” आजींनाही विचारलं. त्यांच्या गाण्यात दहाव्याला होंगानजी आहे, पण त्यांच्या आई शोकोन्शा म्हणायच्या.

कण्हेर:
अरे वा, एकाच घरात दोन पाठ! ताई, आजींना विचारून चालीसकट ध्वनिमुद्रण करून ठेवाल का? पिशव्या कुठल्या ठोक्याला उडतात तेही दिसू दे, हात आणि आवाज दोन्ही. माझ्या वर्गाला ते दाखवायला मला फार आवडेल.