8 टक्के शुल्क गेलं की द्राक्षवाल्याचं भलं होणार?

निफाडचा बागायतदार
काल इथे कोणीतरी लिहिलं की युरोपशी बोलणी करून द्राक्षावरचं 8 टक्के शुल्क घालवा, नाशिकच्या शेतकऱ्याला मार्केट मिळालंच समजा. वाचल्यापासून डोकं फिरलंय. 2010 ला आम्हाला काय शुल्कानं मारलं का? क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ रोखायला मारतो ते आपलं लिहोसीन, इथल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं, रिपोर्ट क्लीन आला आणि तिकडे कंटेनर अडकले. माझ्या निर्यातदारानं हात वर केले, विक्रीच्या हिशोबाची पट्टी आली त्यात मजुरीसुद्धा निघाली नाही. बोलायचं तर रेसिड्यूवर, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशावर बोला, काय चालणार नाही ते ऑक्टोबर छाटणीच्या आधी कळू द्या.

पुणेकर
पोस्ट माझी आहे. चिली, पेरू, दक्षिण आफ्रिकेचे युरोपशी करार आहेत, त्यांचा माल शुल्काशिवाय जातो, आपण 8 टक्के भरून त्यांच्याशी भिडतो, हे खोटं आहे का? आणि रेसिड्यू त्यांच्या लोकांच्या तब्येतीचा प्रश्न आहे, त्यात सूट कोण देणार?

देवगड
सूट कोणी मागितली? 1 मे 2014 ला, ऐन हंगामात, फळमाशी सापडली म्हणून युरोपनं हापूस बंद केला, सोबत वांगी, कारली, पडवळ, अळू पण. 2015 ला आंब्यावरची बंदी उठली, पण आपण तपासणी सुधारली तेव्हाच. अमेरिकेत 2007 ला आंबा गेला तोही लासलगावला विकिरण करून, म्हणजे किरणांनी किडीचा बंदोबस्त करून. बोलणी पाहिजेतच, पण घरचं आवरून.

वरूडचा संत्रावाला
तुमचा युरोप राहू द्या भाऊ. बांगलादेशानं संत्र्यावरचं शुल्क 2019 च्या किलोला 20 टकावरून (टका म्हणजे त्यांचा रुपया) 2023 पर्यंत 88 टकावर नेलं. व्यापारी बागेतला सौदा मोडून गेला, इसार सोडला त्यानं, अर्धा माल झाडाखाली पडला माझा. यावर कोण बोलणी करतंय?

लासलगाव
कुठल्या तोंडानं करणार? सप्टेंबर 2019 ला आपणच एका रात्रीत कांदा बंद केला, बांगलादेश आपल्या कांद्यावर अवलंबून असताना. मग ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क, 8 डिसेंबरला पूर्ण बंदी, ती थेट मे 2024 ला उठली. दुसऱ्यानं दार उघडावं म्हणायचं आणि आपलं आतून कुलूप!

पुणेकर
कांदा शंभरीला गेला की शहरातल्या गरिबानं काय खायचं? सरकारला त्याचंही बघावं लागतं.

लासलगाव
आणि माझा लाल कांदा शेतातून सरळ बाजारात येतो, तो साठवणीच्या चाळीत टिकत नाही हे माहितीय का तुम्हाला? बंदीनंतर पडेल त्या भावानं दिला, मुलीची फी उसनी आणून भरली. गरिबाला स्वस्त द्यायचा तर सरकारनं बाजारभावानं विकत घेऊन द्यावा, माझ्या खिशातून का?

पुणेकर
लाल कांद्याचं खरंच माहीत नव्हतं. बंदी चुकीची होती, एवढं मान्य. पण शुल्काचा मुद्दा मी सोडणार नाही.

निफाडचा बागायतदार
नका सोडू. 8 टक्के गेले तर मलाही पाहिजेच आहेत. फक्त ते माझ्या पट्टीत दिसू देत, निर्यातदार आणि तिकडच्या सुपरमार्केटमध्येच वाटले गेले तर मला काय त्याचं.

वरूडचा संत्रावाला
88 टकाचं अजून कोणीच बोललं नाही.