थायरॉइडच्या गोळीमुळे हार्टचे ठोके बिघडू शकतात का? (आई, वय ६८)

मधली_बहीण

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आईला थायरॉइड कमी असल्याची गोळी गेली अकरा वर्षं चालू आहे. थायरॉक्सिन १२५ मायक्रोग्रॅम, म्हणजे शंभरची एक आणि पंचवीसची एक, रोज उठल्या उठल्या अनशापोटी, एक दिवस चुकवलेली नाही. बीपीची एक गोळी आहे, शुगर नाही. मागच्या महिन्यात रात्री दोनला मला हलवून उठवलं आणि म्हणाली छातीत काहीतरी फडफडतंय गं, पाखरू कोंडल्यासारखं. मी घरातलं बीपीचं मशीन लावलं तर पल्स ११२, लगेच परत लावलं तर १३८, तिसऱ्यांदा नुसतं एरर. शेवटी मनगटावर बोटं ठेवून बसले, दोन ठोके भराभर, मग एक गाळलेला, मग तीन, मग मोठा खंड... कसलाच ताल नाही. तेव्हा मात्र माझे हातपाय गार पडले.

ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडणं) निघालं. इको ठीक आहे म्हणाले. कार्डिओलॉजिस्टनी मेटोप्रोलॉल (ठोके संथ करणारा बीटा ब्लॉकर) आणि रक्त पातळ ठेवायची गोळी (एपिक्साबॅन) सुरू केली, आणि सोबत थायरॉइडची टेस्ट सांगितली. टीएसएच (शरीरात थायरॉइड हार्मोन जास्त झालं की हा आकडा खाली जातो, कमी झालं की वर) आलं ०.०४ म्हणजे खूपच कमी, आणि फ्री टी-४ (रक्तातलं थायरॉइड हार्मोन) वरच्या मर्यादेच्या जरासं पुढे. मग थायरॉइडच्या डॉक्टरांनी १२५ वरून ८८ वर आणलं. खरं सांगायचं तर चूक आमचीच आहे, तीन वर्षं टेस्टच केली नव्हती, जुनी चिठ्ठी दाखवायची आणि गोळ्या आणायच्या असं चाललं होतं.

आता विचारायचं असं की हे खरंच त्या गोळीनेच झालं का? अकरा वर्षं सोसली मग आत्ताच काय झालं? डोस कमी केल्यावर ठोके आपोआप जागेवर येतील का, आणि आले तर ती रक्त पातळ करायची गोळी बंद करता येईल का, कारण आईला तिचीच जास्त भीती वाटतेय, जरा कुठे आपटलं की निळं पडतं. आणि कार्डिओलॉजिस्ट म्हणाले नाही जमलं तर अमिओडॅरोन (ठोक्यांचा ताल राखणारी गोळी) बघू, त्याबद्दल कोणाला अनुभव?

सरळसोट

असंच असतं ह्या गोळ्यांचं. थायरॉइडची गोळी पूर्ण बंद करून बघा महिनाभर, सगळं आपोआप नॉर्मल होईल. आमच्या ओळखीत एकांनी केलंय.

रात्रपाळी

वरचं कृपा करून करू नका. मी मेडिसिन वॉर्डात काम करतो, तुमच्या आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे डोस त्यांचे डॉक्टरच ठरवणार, पण कशामुळे काय होतं तेवढं सांगतो.

थायरॉइडचं हार्मोन हृदयावर थेट काम करतं. ठोक्यांचा वेग वाढवतं, आकुंचन जोरात करतं, आणि बाहेरच्या रक्तवाहिन्या सैल सोडतं म्हणजे हृदयाला जास्त रक्त फिरवावं लागतं. वरच्या कप्प्यांच्या पेशी त्यामुळे चिडक्या होतात, एक आवेग संपतो न संपतो तोच दुसरा घ्यायला तयार, तिथूनच हा बेताल प्रकार सुरू होतो. हार्मोन गळ्यातल्या ग्रंथीतून आलं की बाटलीतून ह्याच्याशी हृदयाला काही देणंघेणं नसतं. ही ओळख जुनीच आहे, रॉबर्ट ग्रेव्हज ह्या आयरिश डॉक्टरने १८३५ मध्ये गळ्याची गाठ आणि जोरात धडधड अशा बायकांच्या केसेस लिहिल्या, म्हणजे ह्या आजाराचं पहिलं लक्षण त्याला छातीतच सापडलं होतं.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांचा जो लांबलचक अभ्यास चालू आहे त्यात साठीच्या पुढच्या सुमारे दोन हजार लोकांचं टीएसएच बघून दहा वर्षं पाठपुरावा केला, १९९४ ला छापून आलं. ज्यांचं ०.१ किंवा त्याखाली होतं त्यांच्यात दहा वर्षांत २८ टक्क्यांना एट्रियल फिब्रिलेशन झालं, नॉर्मलवाल्यांत ११ टक्के. म्हणजे ०.०४ आणि वय ६८ हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा आकडा नाही. पण गोळी “वाईट” असं नाही, मात्रा जास्त झाली.

आता अकरा वर्षं सोसली मग आत्ताच का. ताई, आईंचं वजन तेव्हा किती होतं आणि आता किती आहे?

आणि गोळी बंद का करायची नाही तर ज्यांची ग्रंथी काम करत नाही त्यांचं हार्मोन हळूहळू शून्याकडे जातं. थायरॉक्सिन अर्धं व्हायलाच साधारण आठवडा लागतो म्हणून पहिले काही दिवस छान वाटतं, आणि मग ठोके मंद, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वर, खालचं बीपी वर, कधी कधी हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी. एका टोकावरून उचलून दुसऱ्या टोकावर टाकल्यासारखं.

मधली_बहीण

वजनाचं विचारलंत ते बरं केलंत, जुनी फाइल काढली. गोळी १२५ ची झाली तेव्हा आई ७८ किलो होती. आता ६१. गुडघ्यांसाठी कमी कर कमी कर म्हणून आम्हीच मागे लागलो होतो आणि तिने केलंही, आम्ही खूश.

रात्रपाळी

झालं तर मग. ग्रंथी अगदीच काम करत नसेल तर पूर्ण मात्रा ढोबळमानाने किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम धरतात. ७८ ला गुणा, १२५ येतात, अगदी बरोबर. ६१ ला गुणलं तर ९८, आणि वय वाढलं की त्याहूनही कमी पुरते. म्हणजे बाटली तीच राहिली आणि माणूस बदललं. रोज न चुकता घेतली म्हणूनच जास्त झाली, विचित्र वाटेल पण तसंच आहे.

बाकीचे प्रश्न. थायरॉइड जास्त असल्यामुळे आलेलं फिब्रिलेशन, थायरॉइड ताळ्यावर आल्यावर बऱ्याच जणांत आपोआप जातं, ग्रंथीच जास्त काम करते अशा पेशंटमध्ये साधारण साठ टक्क्यांच्या वर. पण तो निर्णय पहिल्या तीनचार महिन्यांत लागतो, त्यानंतर आपोआप जायची आशा कमी. वय जास्त आणि फिब्रिलेशन जुनं असेल तर चान्स आणखी कमी.

रक्त पातळ ठेवायची गोळी मात्र ठोके ताळ्यावर आले म्हणून घरच्या घरी बंद करायची नाही. बेताल कप्प्यात रक्त साकळतं, ती गुठळी मेंदूत गेली की स्ट्रोक. वय, बीपी, शुगर, आधीचा स्ट्रोक असे मार्क देऊन ती ठरवतात आणि आईंना वय आणि बीपी दोन्हीचे मार्क पडतात. निळं पडणं डॉक्टरांना दाखवा, पण त्या भीतीने एक डोससुद्धा गाळू नका.

(हेच जर वॉर्फरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची जुनी गोळी, असतं तर वेगळीच गंमत. थायरॉइड जास्त असताना रक्त गोठवणारे घटक लवकर संपतात, म्हणून थोड्या वॉर्फरिनमध्येही आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, एकदम वर जातो, आणि थायरॉइड उतरलं की तोच डोस पुरेनासा होतो. कोणी वॉर्फरिनवर असेल आणि थायरॉइडची गोळी बदलली असेल तर आयएनआर लवकर लवकर बघा.)

सातबाराचा_वारस

अमिओडॅरोनचा अनुभव आहे आणि भरपूर आहे 😅

बाबांना ठोक्यांसाठीच दिलं होतं, दोनशेची गोळी. काम चोख केलं हे आधी सांगतो, म्हणजे नंतर शिव्या घातल्या असं नको. पण त्या गोळीत वजनाच्या ३७ टक्के आयोडीन असतं, म्हणजे दोनशे मिलिग्रॅमच्या गोळीत ७५ मिलिग्रॅम, आणि माणसाला दिवसाला लागतं फक्त १५० मायक्रोग्रॅम. सगळं एकदम सुटत नाही पण रोज सहाएक मिलिग्रॅम तरी शरीरात मोकळं होतं, गरजेच्या चाळीसपट. ग्रंथी बिचारी काय करणार. कोणाची झोपते, कोणाची पिसाळते.

बाबांची पिसाळली, आणि ती पण गोळी बंद केल्यावर तीन महिन्यांनी! आम्ही म्हणत होतो गोळी तर बंद आहे, ही कशी करेल. तर ती चरबीत साठून बसते, अर्धी व्हायलाच महिना दीड महिना, काहींना चारेक महिने लागतात. आणि कळलं पण उशिरा कारण सोबत बीटा ब्लॉकर होता, त्यामुळे हाताची थरथर नाही, धडधड नाही, नुसतं वजन उतरत होतं आणि आम्हाला वाटलं जेवण कमी झालंय. एक दिवस चालताना धाप लागली तेव्हा टेस्ट झाली.

मग त्याचे दोन प्रकार असतात म्हणे, एकात ग्रंथी जास्त हार्मोन बनवते तिथे कार्बिमाझोल (हार्मोन बनणं रोखणारी गोळी), दुसऱ्यात ग्रंथीला इजा होऊन साठलेलं हार्मोन सांडतं तिथे स्टिरॉइड. बाबांना दुसरा प्रकार, प्रेडनिसोलोन दिलं, त्याने शुगर चढली, शुगरला गोळी. एकीचं निस्तरायला दुसरी, दुसरीचं निस्तरायला तिसरी. सहा महिन्यांनी सगळं उतरलं, आता बरे आहेत.

म्हणून माझं एवढंच की द्यायचं ठरलं तर द्या, पण सुरू करायच्या आधी टीएसएच, टी-४, लिव्हर, आणि नंतर दर सहा महिन्यांनी, आणि बंद केल्यावरसुद्धा वर्षभर. तारीख तुम्हीच लिहून ठेवा. हार्टवाले ठोके बघतात, थायरॉइडवाले गळा बघतात, मधला माणूस आपण.

गारठलेली

माझं उलटं होतं म्हणून लिहितेय. मला कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून स्टॅटिन दिलं आणि दोन आठवड्यांत मांड्या अशा दुखायला लागल्या की जिना चढताना कठडा धरावा लागायचा. पल्स ५२. मी म्हटलं वा, खेळाडूंसारखा पल्स आहे माझा. टीएसएच निघालं ४६. थायरॉइड कमी असलं की एलडीएल चढतं आणि स्टॅटिनचा स्नायूंना त्रासही जास्त होतो. थायरॉक्सिन सुरू केल्यावर तीन महिन्यांत कोलेस्टेरॉल बरंचसं उतरलं. सुरुवात मात्र २५ नेच केली, हार्टवर एकदम भार नको म्हणून, मला घाई झाली होती पण डॉक्टर हलले नाहीत.

मधली_बहीण ताई, आई केसांसाठी वगैरे बायोटिन (व्हिटॅमिनची गोळी) घेतात का? माझा एक रिपोर्ट त्याने फसवा आला होता.

मधली_बहीण

घेते!! दहा मिलिग्रॅमची, मीच आणून दिली होती. म्हणजे रिपोर्टच चुकीचा??

रात्रपाळी

काही लॅबच्या पद्धतीत बायोटिनने टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं, म्हणजे हुबेहूब जास्त थायरॉइडचं चित्र. पण तुमच्याकडे वजनाचा हिशोब आणि ईसीजी दोन्ही तिकडेच बोट दाखवतायत, त्यामुळे सगळं बायोटिनवर ढकलू नका. डॉक्टरांना आजच कळवा. पुढच्या टेस्टच्या आधी निदान दोन दिवस बंद, जास्त दिवस ठेवलं तर उत्तमच. टेस्ट सहा ते आठ आठवड्यांनी, आधी केली तर टीएसएच अजून जुन्याच डोसची गोष्ट सांगत असतं. आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर थायरॉक्सिनपासून चार तास लांब ठेवा, नाहीतर ८८ मधला काही भाग तिथेच अडकेल आणि परत डोस वाढवतील.

चौथी_गोळी

थोडं विषयांतर. भावाला ३४ व्या वर्षी बीपी, तीन गोळ्या चालू तरी १६० च्या वर, आणि पोटॅशियम सतत कमी. सगळे म्हणायचे टेन्शन घेतो. शेवटी एका डॉक्टरांनी अल्डोस्टेरॉन आणि रेनिन ह्या बीपीशी संबंधित रक्ताच्या टेस्ट करायला सांगितल्या आणि निघाला कॉन सिंड्रोम, किडनीवरच्या ग्रंथीतली जास्त अल्डोस्टेरॉन सोडणारी छोटी गाठ. कॉन नावाच्या डॉक्टरने १९५५ मध्ये सांगून ठेवलंय आणि अजून लोक टेन्शनवर ढकलतात. चौथी गोळी स्पायरोनोलॅक्टोन दिली तर बीपी उतरलं, पण स्तन सुजून दुखायला लागले, ते पण हार्मोनचंच, ती गोळी पुरुषांच्या हार्मोनच्या आड येते, म्हणून मग तो त्रास कमी असलेली एप्लेरेनोन. नंतर ऑपरेशन. तीन गोळ्यांवर बीपी हटत नसेल तर ही टेस्ट मागून घ्या.

मधली_बहीण

सात आठवड्यांनी परत आले. बायोटिन आठवडाभर आधी बंद करून टेस्ट केली, टीएसएच १.१, म्हणजे नॉर्मल. आईची झोप सुधारली, पंखा फुल लावायचा हट्ट गेला. ठोके मात्र अजून बेतालच आहेत, पल्स ७५-८० च्या आसपास. डॉक्टर म्हणाले अजून थोडी वाट बघू, नाहीच आले तर शॉक देऊन ताल बसवायचा प्रयत्न करू, त्याच्या आधी सलग तीन आठवडे आणि नंतर चार आठवडे रक्त पातळ ठेवायची गोळी एकही न चुकता हवी. अमिओडॅरोनचं मी विचारलं, आयोडीनचं पण बोलले, ते हसले, म्हणाले कुठे वाचलंत. थायरॉइडची हिस्टरी बघता ते शेवटी ठेवू म्हणाले.

आता आईने कॅलेंडरवर सकाळ-संध्याकाळ पेन्सिलीने खुणा करायला सुरुवात केलीये. आणि काल कपाट आवरताना पंचवीसच्या गोळ्यांची अर्धी बाटली सापडली, रुमालात गुंडाळून ठेवलेली. म्हटलं हे काय, तर म्हणे असू दे, परत वजन वाढलं तर लागेल.