सुवार अल-दहब यांनी सत्ता मनापासून सोडली होती का?

सातपुडा: सुदानमध्ये २०२३ पासून दोन जनरलांच्या फौजा लढतायत आणि लाखो माणसं देशोधडीला लागलीत. त्याबद्दल वाचताना अब्देल रहमान सुवार अल-दहब हे नाव पुन्हा पुन्हा भेटतं. १९८५ मध्ये सत्ता हाती आली आणि वर्षभरात निवडणूक घेऊन सोडून दिली. माणूस खरंच इतका सरळ होता, की दुसरा इलाजच नव्हता?

मुळाकाठ: दोन्ही. त्या वर्षी मी पुण्यात शिकत होतो. वसतिगृहात सुदानी मुलं होती, रात्री रेडिओला चिकटून बसायची. राष्ट्राध्यक्ष निमेरी अमेरिकेला गेलेले, तिकडे सुदानमध्ये पाव महागलेला. डॉक्टर, वकील, रेल्वे कामगार संपावर उतरले आणि राजधानी खार्तूम ठप्प झाली. सुवार अल-दहब तेव्हा सरसेनापती आणि संरक्षणमंत्री. ६ एप्रिलला त्यांनी निमेरींना हटवलं. म्हणजे राजवट खिळखिळी केली ती संपकऱ्यांनी, हे आधी मान्य करू या. पंतप्रधानही डॉक्टरांच्या संघटनेचे पुढारी अल-जझूली दफअल्ला झाले.

पण वर्षाची मुदत सुवार अल-दहब यांनी पाळली, आणि सैन्याचा प्रमुख अशी मुदत पाळतो हे मला आजही मोठं वाटतं. 'परिस्थिती निवळेपर्यंत' म्हणत दहा-पंधरा वर्षं काढणारे किती निघाले! एप्रिल १९८६ मध्ये मतदान झालं, सादिक अल-महदी पंतप्रधान झाले आणि हे बाजूला झाले. माझा शेजारच्या खोलीतला मित्र त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजत फिरत होता.

माणूस मुळातच शिस्तीचा. १९७१ मध्ये हाशिम अल-अता या लष्करी अधिकाऱ्याने निमेरींविरुद्ध बंड केलं तेव्हा हे अल-उबैद शहरात होते. तिथली छावणी त्यांनी बंडवाल्यांच्या हाती दिली नाही.

रानवाट: सुदानच्या बहुतांशी बिगरमुस्लिम दक्षिणेचं काय? निमेरींचे १९८३ चे शरिया कायदे यांनी रद्द केले नाहीत. दक्षिणेतल्या बंडखोरांचे नेते जॉन गरांग यांच्या लेखी हे निमेरींचंच राज्य पुढे चालू होतं. युद्धामुळे दक्षिणेतल्या कितीतरी मतदारसंघांत मतदानच झालं नाही. अर्ध्या देशाची निवडणूक घेऊन थोरपण कसलं?

मुळाकाठ: रानवाट, हा आक्षेप मला पटतो. वसतिगृहात दक्षिणेतल्या जुबाचा एक मुलगा होता, तो त्या चहाला आला नव्हता. कायदे काढून टाकायला हेच वर्ष होतं. लोक रस्त्यावर होते, निमेरी कैरोत अडकले होते. ते झालं नाही, युद्ध पेटतच राहिलं आणि ३० जून १९८९ ला लष्करी अधिकारी उमर अल-बशीर रणगाडे घेऊन आले आणि सत्ता बळकावली.

त्याहून मला लागतं ते पुढचं. सुवार अल-दहब इस्लामी दावा (म्हणजे धर्मप्रसार) संघटनेचे प्रमुख झाले, २००४ मध्ये किंग फैसल पुरस्कार मिळाला, तिथवर ठीक. पण २०१० च्या निवडणुकीत त्याच बशीर यांच्या उमेदवारीला पाठिंबा देणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांनी घेतलं. ज्यांना सत्ता सोपवली त्यांनाच बशीर यांनी उलथवलं होतं. याचं समर्थन मी करू शकत नाही.

सातपुडा: हे २०१० चं माहीत नव्हतं. मग तिथले लोक त्यांचं नाव आदराने का घेतात?

मुळाकाठ: २०१८ मध्ये ते रियाधला वारले, मदिनेत दफन झालं. पुढच्या एप्रिलला बशीर यांची सत्ता गेली. तेव्हापासून गणवेशातले लोक निवडणुकीची वचनं देतायत, आणि तिथल्या माणसाला वचन पाळलेला जनरल आठवायचा तर हा एकच आठवतो.