इस्तंबूलमध्ये खाल्लेला दुधाचा गोड पदार्थ कोणता असावा? (अनुभव धागा)

रानवाटा
परवा शेजारच्या काकूंनी चिकाचा खरवस आणून दिला आणि त्याचा तळाशी लागलेला भाग खाताना इस्तंबूलमध्ये खाल्लेल्या एका पदार्थाची फार तीव्रतेने आठवण झाली. एमिनोन्यूच्या बोटींच्या धक्क्याजवळ, चढावरच्या एका गल्लीत, फक्त दुधाचे पदार्थ विकणारे जुने दुकान होते. तिथल्या गृहस्थांनी मोठ्या पसरट ताटातून एक चौकोनी पट्टी खरवडून काढली, तिची गुंडाळी केली आणि वर दालचिनीची पूड भुरभुरून आमच्यापुढे ठेवली. आतून पांढरीशुभ्र, एका बाजूने गडद तपकिरी, बेताची गोड आणि चमच्याने तोडताना किंचित ताणली जाणारी. वेलदोडा नव्हता, केशर नव्हते. परदेशात चहा आणि पावावरच राहणाऱ्या माझ्या वडिलांनी ती पुन्हा मागवून खाल्ली. हा पदार्थ कोणी ओळखू शकेल का? आपणही असे पदार्थ खाल्ले असतील, तर त्यांचे अनुभव जरूर लिहावेत.

दूधपोहे
ही काझानदिबी आहे, याबद्दल मला शंका नाही. दूध, साखर, तांदळाची पिठी आणि मक्याचे सत्त्व (कॉर्नफ्लोअर) एकत्र आटवून दाट खीर करतात. ताटाला लोणी लावून त्यावर पिठीसाखर पसरतात, खीर ओततात आणि ताट आचेवर फिरवत ठेवून तळाची साखर मुद्दाम करपवतात. पूर्ण गार झाल्यावर पट्ट्या कापून, करपलेली बाजू वर येईल अशा रीतीने गुंडाळतात. तो किंचित कडवटपणा हाच तिचा प्राण आहे. करपायला घाबरणाऱ्याच्या हातून ती होत नाही.

उंबरठा
ओळख बरोबर आहे, मात्र एक गोष्ट सांगायला हवी. काझानदिबीचा जुना प्रकार 'तावुक ग्योसू' या खिरीपासून होतो आणि त्या खिरीत कोंबडीच्या छातीचे मांस असते. ते उकडून, केसासारखे बारीक तंतू सोडवून, वास पूर्ण जाईपर्यंत पाण्यात धुतात आणि मग दुधात शिजवतात. मध्ययुगीन युरोपातही कोंबडी, तांदूळ, दूध आणि साखर यांचा असा पदार्थ केला जात असे, त्यामुळे ही कल्पना केवळ तुर्कांची नाही. चवीवरून मांस ओळखू येत नाही. आमच्या गटातील शाकाहारी मंडळींना मी नेहमी आधी विचारून घ्यायला सांगतो.

रानवाटा
दूधपोहे, उंबरठा, आपले दोघांचेही मनापासून आभार. वडिलांनी आयुष्यात मांसाहार केला नाही आणि आता ते नाहीत, म्हणून हे वाचून मन थोडे अस्वस्थ झाले. आम्ही खाल्लेला प्रकार कोणता होता, हे ओळखण्याची काही खूण आहे का?

उंबरठा
ताई, मांस असेल तर तुकडा तोडताना अगदी बारीक दोरे सुटतात आणि जिभेला किंचित रवाळपणा जाणवतो. नुसत्या तांदळाच्या पिठीची काझानदिबीही ताणली जाते, पण ती गुळगुळीत असते. आज अनेक दुकानांत कोंबडीशिवायचीच मिळते. आपल्याला दोरे आठवत नसतील, तर ती साधीच असण्याचा संभव अधिक आहे.

सोनचाफा
रानवाटा, वडिलांनी दुसऱ्यांदा मागवली, इतकी ती त्यांना आवडली होती, हे मला फार मोलाचे वाटते. त्यांचा तो आनंद खराच होता.

देशावरची
नावामुळे नव्हे, तर वासामुळे ओळखलेला माझा पदार्थ इथियोपियातल्या अदिस अबाबाचा आहे. मातीच्या भांड्यात रटरटत आलेले ते लालसर, दाट कालवण पाहून मी 'हे पिठलेच आहे' असे म्हणाले आणि ते खरोखरच हरभऱ्याच्या पिठाचे निघाले. त्याला शिरो म्हणतात. सोबत तेफ या अतिबारीक धान्याचे पीठ आंबवून केलेला, जाळीदार, आंबूस इंजेरा असतो. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे बुधवारी आणि शुक्रवारी उपवास असतात, त्यात मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे उपवासाचे जेवण मागितले की शाकाहारी माणसाची उत्तम सोय होते. बाकी शहर पाहायला मला फारसा वेळ मिळाला नाही.

मुळाकाठ
फ्रान्समध्ये नीसच्या जुन्या भागात मिळणारा सोक्का हा धिरड्यासारखा पदार्थही डाळीच्या पिठाचाच: पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचे तेल, लाकडाच्या भट्टीची प्रखर आच आणि वर मिरपूड. इटलीत जेनोव्हाला त्यालाच फारिनाता म्हणतात.

अष्टागर
माझ्या बाबतीत ओळखण्याचा प्रश्नच आला नाही. इस्रायलमध्ये एका बेने इस्रायली (मूळच्या कोकणातल्या मराठी ज्यू) कुटुंबाने आम्हाला मलिदा वाढला: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे. एलियाहू हन्नबी या ज्यू प्रेषिताचे स्मरण करून, प्रार्थनेनंतर तो वाटतात. घरातल्या आजी अलिबागकडच्या मराठीत आग्रह करत होत्या आणि माझ्या पत्नीला घास उतरेना, इतका तिचा कंठ दाटून आला होता.

दूधपोहे
देशावरची, शिरोला फोडणी कशाची असते? घरी करून पाहण्याची इच्छा आहे.

देशावरची
बारीक चिरलेला कांदा आधी बराच वेळ मंद आचेवर परततात, मग तेल, लसूण आणि बेरबेरे हा तिखट मसाला घालतात. पाणी उकळले की पीठ थोडे थोडे भुरभुरत, सतत घोटत राहायचे. मात्र हरभरे भाजून दळलेले असावेत. कच्च्या बेसनाने तो वास येत नाही, हे मी करून पाहिले आहे.